सांध्यावर सांधा नको

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला तिने नवं घर बांधलंय आणि वरच्या मोठ्या खोलीत सागाच्या फळ्यांची जमीन करून घेतली होती. म्हणाली, "मामा, तू एकदा येऊन बघ. काहीतरी खटकतंय, पण काय ते मला सांगता येत नाही."

मी गेलो. आधी गुडघे टेकून तळहात फिरवला. लाकूड चांगलं वाळलेलं होतं. दोन फळ्यांमध्ये नख शिरत नव्हतं. पाणसळ ठेवली, ती कुठे हलली नाही. भिंतीच्या कडेची पट्टी काढून बघितली, तर फुगण्यासाठी बोटभर जागाही सोडलेली. म्हणजे हात चांगला होता. मग उठून दारात आलो आणि तिथून खोलीकडे बघितलं.

दारापासून खिडकीपर्यंत फळ्यांचे आडवे सांधे एक सोडून एक ओळीत अगदी समोरासमोर आले होते. कापडावर धावदोरा घालावा तशी तुटक रेघ खोलीच्या मधोमध गेली होती. डावीकडे सांधे प्रत्येक ओळीला सारख्याच अंतराने पुढे सरकत गेल्यामुळे तिथे जिना तयार झाला होता. खिडकीपाशी फूटफूटभर लांबीचे पाच तुकडे एका ठिकाणी आले होते आणि कोपऱ्यात काळपट रंगाच्या तीन फळ्या शेजारी शेजारी बसल्यामुळे पाणी सांडल्यासारखा डाग दिसत होता. भाचीला मी फक्त ती मधली रेघ बोटाने दाखवली. ती म्हणाली, "आता मला दुसरं काही दिसणारच नाही." खरं आहे ते. मांडणीतला दोष एकदा दिसला की मग रोज दिसतो.

सुतारकाम मी पन्नासएक वर्षं केलं. आता हात थरथरतो, पण डोळा शाबूत आहे. डोळ्याला जे शिकवलं गेलं ते सांगून ठेवावं असं त्या दिवशी वाटलं, म्हणून हे लिहितोय.

मला हे काम आमच्या चुलत्यांनी शिकवलं. तात्या म्हणायचो त्यांना. त्या काळी आमच्याकडे जमिनीला फळ्या नव्हत्या. खाली सारवण, फार तर कोबा किंवा शहाबादी फरशी. फळ्या असायच्या माळ्याला. माजघरावर कड्या टाकायच्या आणि कड्यांवर फणसाच्या, ऐनाच्या, ज्याच्या घरी ऐपत असेल त्याच्याकडे सागाच्या फळ्या ठोकायच्या. झाडं जुनी होती, फळी भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड मिळायची. जिथे सांधाच नाही तिथे सांधा कुठे आणायचा हा प्रश्नही नाही. पण कुठे फळी अपुरी पडली की तात्या काम थांबवून मला जवळ बोलवायचे. "सांधा नेहमी कडीवर. मधे अधांतरी नाही. आणि या ओळीचा सांधा या कडीवर घेतला ना, मग पुढच्या ओळीचा दुसऱ्या कडीवर."

मी १४ वर्षांचा होतो. विचारलं, का? त्यांनी मला माळ्यावर चढवून एका कडीवर बोट ठेवायला लावलं. सगळे सांधे याच कडीवर घेतले तर हिच्यात दोन्हीकडून खिळे जाणार. प्रत्येक ओळीचे दोन-दोन, चार-चार, सगळे एका रेषेत. कडी तिथे चिरणार. आणि माळा एक राहणार नाही, त्याचे दोन तुकडे होणार, एक या बाजूला लवेल, एक त्या बाजूला. सांधे पसरले की ओळी एकमेकींना धरून राहतात.

मग त्यांनी मला बाहेर नेऊन चिऱ्याची भिंत दाखवली. जांभ्याचा चिरा बसवताना गवंडी खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरच्या चिऱ्याचा मध्य आणतो. सांधेमोड म्हणतात तिला. ती चुकली की भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा जायला वाट मिळते. मिरकरवाड्याला आणि राजिवड्याच्या खाडीला लाकडी होड्यांचं काम चालायचं, तेही त्यांनी मला असंच उभं राहून बघायला लावलं. होडीच्या अंगाच्या फळ्या टोकाला टोक लावून जोडतात, पण एका फळीचं टोक जिथे संपतं त्याच्या वरच्या किंवा खालच्या फळीचं टोक तिथे कधी नसतं. तसं आलं तर समुद्र तिथूनच आत येईल. गवंडी, होडी बांधणारा आणि सुतार, तिघांचा नियम एकच: सांध्यावर सांधा नको.

आता जमिनीचं सांगतो. आजच्या घरात खाली काँक्रीटचा स्लॅब असतो, त्यावर प्लायवुड, त्यावर फळ्या. त्यामुळे सांधा कुठेही घेतला तरी फळी लवत नाही, आणि म्हणूनच कारागीर बेफिकीर होतो. शिवाय फळ्या आता आखूड येतात. रत्नागिरीकराला सागाची किंमत वेगळी सांगायला नको. १८८५ साली ब्रह्मदेशातल्या सागाच्या ओंडक्यांवरून राजा थिबाच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला मोठा दंड केला, इंग्रजांना युद्धाला निमित्त मिळालं, राजाचं राज्य गेलं आणि १८८६ पासून तो आपल्या गावात नजरकैदेत राहिला. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला वाडा आजही उभा आहे आणि त्याच्या अर्धगोल खिडक्यांचं लाकूडकाम बघण्यासारखं आहे. त्या ब्रह्मी सागाचे ओंडके आता येत नाहीत. एप्रिल २०१४ पासून म्यानमारने अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता बाजारात जास्त करून लागवडीचा साग मिळतो, आफ्रिकेतला, दक्षिण अमेरिकेतला. झाडं कमी वयाची, ओंडका बारीक, गाभा कमी आणि कडेचा पांढरा भाग जास्त. अशा ओंडक्यातून गाठी आणि पांढरं टाळून फळी काढायची तर ती १ फुटाची निघते, २ फुटांची निघते, ४ फुटांची मिळाली तर नशीब. म्हणजे सांधे वाढले. भाचीची खोली १२ बाय १८ फूट, फळी ५ इंच रुंद. अशा खोलीत २९ ओळी होतात आणि ओळीत सरासरी ५ सांधे धरले तरी दीडशेच्या आसपास सांधे. इतके सांधे एका खोलीत असतील तर ते आपोआप नीट पडतील या भरवशावर राहता येत नाही.

तात्यांची एक रीत होती, ती मी जन्मभर पाळली. फळ्या ठोकायच्या आधी सगळी खोली नुसती मांडायची. खिळा नाही, सरस नाही. मग प्रत्येक आडव्या सांध्यावर एकेक काजूची बी ठेवायची. आमच्याकडे काजूबियांना तोटा नाही, दीडशे सांध्यांना किलोभर बी पुरते. बिया ठेवून झाल्या की दारात स्टुलावर चढायचं आणि बघायचं. लाकडाच्या रेषांमध्ये सांधा लपतो, बी लपत नाही. पावसाचे पहिले टपोरे थेंब अंगणात पडतात तशा बिया विखुरलेल्या दिसल्या तर मांडणी जमली. कुठे ओळ दिसली, कुठे जिना दिसला, कुठे बियांची गर्दी दिसली, तर तिथली फळी उचलायची आणि दुसरी ठेवायची. ठोकलेली फळी काढायला फार वेळ जातो. मांडलेली उचलायला वाकलं की झालं.

अंतर किती ठेवायचं हे टेपने मोजत बसायची गरज नाही. शेजारच्या दोन ओळींच्या सांध्यांमध्ये निदान एक वीत हवीच. रुंद फळी असेल तर वीतही अपुरी, तिथे फळीच्या रुंदीच्या तिप्पट धरा, म्हणजे ५ इंची फळीला सव्वा फूट. पण फक्त शेजारची ओळ बघून थांबू नका. तिसरी ओळ बघा. बहुतेक चुका तिसऱ्या ओळीत होतात. कारागीर शेजारच्या ओळीपासून अंतर सांभाळतो आणि त्या नादात पहिल्या ओळीच्या सांध्यासमोर परत येऊन उभा राहतो. मग तो धावदोरा दिसतो.

दुसरी चूक होते ती ओळ सुरू करताना. ओळीच्या शेवटी फळी कापली की जो तुकडा उरतो त्यानेच पुढची ओळ सुरू करावी, लाकूड वाया जात नाही, हे बरोबर आहे. पण तो तुकडा वितीपेक्षा आखूड असेल तर बाजूला टाका. आणि सगळ्या फळ्या एकाच लांबीच्या असतील, जशा तयार खोक्यातून येतात, तर उरलेल्या तुकड्याने सुरुवात करत गेलं की सांधा प्रत्येक ओळीला तेवढाच सरकतो. जिना होतो तो असा. तिथे पहिल्या चार-पाच ओळींचे सुरुवातीचे तुकडे मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे कापून घ्या.

रंगाचं सांगतो, कारण त्यात घरमालकच जास्त फसतात. गठ्ठे एकेक करून फोडू नका. गठ्ठ्यागठ्ठ्यात रंगाचा फरक असतो. एक संपवून दुसरा घेतला तर खोलीला दोन रंग येतात. सगळे गठ्ठे आधी फोडा, फळ्यांचे तीन ढीग करा, गडद, मध्यम आणि फिका, आणि मांडताना तिन्हींतून घेत राहा. तोच नियम आखूड तुकड्यांना. ते टाकायचे नाहीत, लाकूड महाग आहे, पण खोलीभर पसरायचे. दाराच्या तोंडाशी आणि खिडकीसमोर लांब फळ्या हव्यात, कारण नजर पहिली तिथेच पडते. आखूड तुकडे जास्त असतील तर पलंग किंवा कपाट येईल तिकडे वळवा, तेही एका ठिकाणी नाही.

सागाबद्दल मात्र घाई करून रडू नका. ताज्या रंधलेल्या सागावर हिरवट-काळपट पट्टे दिसतात. उजेड लागला की काही महिन्यांत ते मुरतात आणि सोनेरी तपकिरी रंग एकसारखा होतो. भाचीच्या कोपऱ्यातल्या तीन फळ्यांतली एक तशीच होती, ती मी काढू दिली नाही. मात्र पहिलं वर्षभर जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा एका जागी टाकून ठेवू नका. खालचं लाकूड मागे राहतं आणि गालिचा उचलला की त्याचा चौकोन जमिनीवर दिसतो.

लॅमिनेट घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. ते लाकूड नसून लाकडाचं छापील चित्र असतं आणि चित्रं मोजकीच असतात. तीच गाठ, तीच रेघ पुन्हा पुन्हा येते. जुळी चित्रं शेजारी आली की फसवणूक उघडी पडते. चार-पाच खोकी एकदम उघडून फळ्या मिसळून घ्या.

भिंती काटकोनात आहेत असं कधीही धरून चालू नका. जुन्या घरात तर नाहीच. खोलीची रुंदी या टोकाला मोजा, त्या टोकाला मोजा. इंचाचा फरक सहज निघतो. मग एका भिंतीला चिकटून सुरुवात केली तर समोरच्या भिंतीपाशी शेवटची फळी पाचरीसारखी कापावी लागते आणि ती चटकन दिसते. सुताची दोरी मारून सरळ रेषा आखा, ओळी मोजा, शेवटी किती उरतं ते आधी काढा. शेवटची पट्टी दोन बोटांची उरणार असेल तर पहिली ओळ थोडी उभी चिरून घ्या, म्हणजे दोन्ही कडांना सारखी रुंदी येते. तिरकेपणा कपाटाखाली जाईल त्या बाजूला न्या. फळ्यांची दिशा ठरवताना खाली कड्या असतील तर त्यांना आडव्या टाकायच्या, त्यात दुसरा विचार नाही. स्लॅब असेल तर मोठ्या खिडकीतला उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेने लांबी ठेवा. उजेड फळीवरून आडवा गेला तर जराशी वर-खाली झालेली कडही सावली टाकते.

पावसाचं न सांगता हे पुरं होणार नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत फुगतं. ५ इंची फळी अर्धा मिलिमीटर फुगली तर डोळ्याला कळणारही नाही, पण २९ ओळी मिळून ते साडेचौदा मिलिमीटर होतात. एवढ्याला जागा मिळाली नाही तर मधली जमीन फणा काढल्यासारखी उचलते. म्हणून चारी भिंतींना जागा सोडायची. मोठ्या खोलीत १२ मिलिमीटरपेक्षा कमी नको. ती कडेच्या पट्टीखाली झाकली जाते. गठ्ठे आणले की ज्या खोलीत बसवायचे त्याच खोलीत, फोडून, हवा लागेल असे दोन आठवडे ठेवा. मे महिन्यातल्या कडक उन्हात वाळलेलं लाकूड आणून लगेच घट्ट ठोकलंत तर मृगाचा पाऊस तुमचं काम तपासायला येईल. नवा स्लॅब असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब दिसले किंवा खालचा स्लॅब काळवंडला तर अजून ओल आहे, फळ्यांना हात लावू नका. लाकडी माळ्याचं काम असेल तर कड्यांना आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलाचं तेल लावा, वाळवी जवळ येत नाही. ते हाताला लागू देऊ नका, कातडी सोलते.

भाचीच्या जमिनीचं पुढे काय झालं ते सांगतो. पॉलिश व्हायचं होतं, हे बरं होतं. ज्या पोराने काम केलं होतं त्याला तिने बोलावून घेतलं. विशीतला पोरगा. खाली मान घालून उभा होता. मी त्याला ओरडलो नाही, विचारलं, "मांडून बघितलं नव्हतंस का?" तो म्हणाला, "आजोबा, आम्हाला चौरस फुटावर मजुरी मिळते. मांडायचे पैसे कोण देणार? गठ्ठा फुटेल तसं ठोकत जायचं." मला त्याचं पटलं. ज्या कामाचे पैसे नाहीत ते काम होत नाही, आणि मांडणीचे पैसे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतात.

आम्ही भाचीच्या घरच्या काजूबिया घेतल्या आणि ठोकलेल्या जमिनीवरच सांध्यांवर ठेवल्या. पोराला स्टुलावर चढवलं. तो काही क्षण बघत राहिला आणि मग स्वतःच बोटं दाखवायला लागला. ही काढायची, ही काढायची, ही. सगळी जमीन उखडायची नाही, एवढंच मी सांगितलं. ओळ कुठे तोडायची ते शोधायचं. धावदोऱ्यातले दोन-तीन टाके उसवले की रेघ नाहीशी होते. मोजून १४ फळ्या निघाल्या.

फळी काढायची ती अशी. यंत्राच्या करवतीचं पातं फळीच्या जाडीएवढंच खोल लावून मधोमध दोन उभ्या रेघा कापायच्या, मधली पट्टी पटाशीने उचलायची आणि मग दोन्ही कडा आत ओढून काढायच्या, शेजारच्या फळीची जीभ न मोडता. नवी फळी बसवताना तिच्या खाचेचा खालचा ओठ छिनून टाकायचा, म्हणजे ती वरून आत उतरते. खाली सरस, वर वजन, एक रात्र. सांध्यात फट राहिली तर त्याच सागाचा बारीक भुसा सरसात कालवून भरायचा. पण एक लक्षात ठेवा, भुशाने फट बुजते, मांडणी सुधारत नाही. सांध्यांची रेघ लपवायला गडद पॉलिश मारा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. गडद पॉलिश सांध्यात जास्त उतरतं आणि रेघ आणखी उठून दिसते.

त्या १४ फळ्यांना पोराला दोन दिवस लागले. मांडायला अर्धा दिवस लागला असता. भाचीने दोन दिवसांची मजुरी दिली, आणि कंत्राटदाराने ती पोराच्या पैशांतून कापू नये म्हणून मी दोघांसमोर बोललो.

तुमच्या घरी फळ्या बसायच्या असतील तर कोटेशनमध्ये मांडणीची अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी लिहून घ्या आणि ती आधी हातात द्या. त्या दिवशी कामाला जाऊ नका, घरी थांबा. किलोभर काजूबी आणि एक स्टूल तयार ठेवा, आणि तुम्ही स्वतः वर चढून बघितल्याशिवाय पहिला खिळा ठोकू देऊ नका.